चर्चगेटच्या खेपा

बदलापूरच्या एखाद्या छोट्या केमिकल कारखान्यातला रिअ‍ॅक्टर पुढच्या महिन्यात चालू राहणार की गार पडणार, हे सत्तर-ऐंशीच्या दशकांत मालकालाही छातीठोकपणे सांगता यायचं नाही. कच्चा माल जर्मनीचा नाहीतर जपानचा असला, की सगळं न्यू मरीन लाइन्सच्या सरकारी इमारतीतल्या एका फायलीवर येऊन थांबायचं. 'चीफ कंट्रोलर ऑफ इम्पोर्ट्स अँड एक्स्पोर्ट्स' असं त्या खात्याचं भारदस्त नाव; आम्ही नुसतं 'सीसीआय' म्हणायचो. आज त्याच खात्याला डीजीएफटी म्हणतात, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, आणि त्या इमारतीला निष्ठा भवन. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात 'मुंबईची कामं' बघायचो. बँक, कस्टम हाउस, आणि सगळ्यांत जास्त हे ऑफिस.

सकाळची लोकल धरून व्ही.टी.ला उतरायचं आणि आझाद मैदान ओलांडून चालत सुटायचं. खांद्याला रेक्झिनची बॅग. तिच्यात अर्जाच्या प्रती, कार्बन झिरपून निळ्या झालेल्या; ट्रेझरीत पैसे भरल्याचं चलन, चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला, ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्राचं शिफारसपत्र. या कारखान्याला हा माल खरोखरच लागतो, एवढंच त्या शिफारसपत्रात लिहिलेलं असायचं, पण ते मिळवताना जीव मेटाकुटीला यायचा. यंत्र मागवायचं असेल तर आणखी मजा. असं यंत्र देशात कुणी बनवतं का, अशी आधी जाहिरात द्यायची आणि कुणी 'आम्ही बनवतो' म्हणू नये म्हणून देवाचा धावा करायचा. सगळं जमून परवाना हातात आला, की त्याच्या दोन प्रती असायच्या. एक कस्टमसाठी, दुसरी बँकेतून परकीय चलन सुटण्यासाठी. एक हरवली तर दुसरी असून नसल्यासारखी. परतीच्या गाडीत ती बॅग मी रॅकवर ठेवत नसे, मांडीवर घेऊन बसायचो.

आता अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कुणालाही निर्यात सुरू करायची असेल तर पाचशे रुपये फी भरून घरबसल्या आयईसी नंबर निघतो. २०१७ साली जीएसटी आल्यापासून तो नंबर म्हणजे आपला पॅनच. बहुतेक माल आणायला तर परवाना लागतच नाही. हे ऐकून आमच्या पिढीतले काही जण उसासा टाकतात, 'तेव्हा कशी शिस्त होती' म्हणतात. त्यांनी बहुधा अर्ज स्वतः नेऊन दिला नसावा, माणूस पाठवला असावा.

एप्रिल जवळ आला की सगळ्यांचं लक्ष लाल पुस्तकाकडे. आयातीचं वर्षाचं धोरण त्या पुस्तकात छापून यायचं. बंदी असलेल्या वस्तू एका परिशिष्टात, मर्यादित परवानगीच्या दुसऱ्यात, फक्त सरकारी महामंडळांनीच आणायच्या तिसऱ्यात. आणि ज्यात आपल्या मालाचं नाव निघालं की पेढे वाटावेत अशी ओजीएलची, खुल्या परवान्याची यादी. एखादं रसायन एका वर्षी ओजीएलमध्ये असायचं आणि दुसऱ्या वर्षी 'देशात पुरेसं बनतं' म्हणून बाहेर. हे दरवर्षीचं धडधडणं १९८५ साली जरा कमी झालं, कारण त्या वर्षी पहिल्यांदा धोरण तीन वर्षांसाठी जाहीर झालं. आमच्या मालकांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला आइस्क्रीम दिलं होतं. तीन वर्षांचा हिशेब मांडता येणं ही चैन होती.

सगळ्यांत विचित्र अट 'अ‍ॅक्च्युअल यूजर'ची. परवान्यावर आणलेला माल स्वतःच्याच कारखान्यात वापरायचा. शेजारच्या प्लॉटवरच्या माणसाचे ड्रम संपलेले असोत आणि आपल्याकडे चार जास्तीचे पडलेले असोत, द्यायचे नाहीत. एमआयडीसीत नळाचं पाणी, क्रेन, वेळप्रसंगी वॉचमनसुद्धा उसना मिळायचा. आयात मालाचा ड्रम तेवढा मिळायचा नाही. मिळायचा नाही असं निदान कागदावर तरी होतं.

या कारभाराचा कायदा १९४७चा, पण तो आला युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात जहाजांत जागा नव्हती आणि परकीय चलन जपायचं होतं, म्हणून १९४० साली नियंत्रण आलं. युद्ध संपलं, नियंत्रण राहिलं. १९५६-५७मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली तसं ते आणखी आवळलं. तसं पाहिलं तर व्यापारधोरणाचा हात अंबरनाथवर त्याच्याही आधीपासून आहे. १९२२ साली सरकारनं परदेशी काड्यापेट्यांवरचा आयातकर भरमसाट वाढवला. स्वीडिश काड्यापेटीवाल्यांनी विचार केला, पेट्या बाहेरून आणून कर भरण्यापेक्षा कारखानाच इथे काढावा. त्यातून १९२४च्या सुमारास अंबरनाथला विम्को उभी राहिली. कराची एक ओळ बदलली आणि भाताच्या खाचरांशेजारी कामगार चाळी आल्या. आता कंपनी गेली, विम्को नाका राहिला. रिक्षात बसून 'विम्को नाका' म्हणणाऱ्या पोरांना ते कशाचं नाव आहे हे सांगून बघा, त्यांना थाप वाटते. अंबरनाथलाच धरमसी मोरारजींच्या कारखान्यात गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट व्हायचं. त्याला लागणारं गंधक आणि रॉक फॉस्फेट बाहेरून यायचं, आणि परवान्यांच्या काळात त्याचा रस्ता एमएमटीसी या सरकारी महामंडळातून जायचा.

उल्हासनगरचं गणित मात्र याच्या उलटं होतं. अंबरनाथ-बदलापूरला परवाना मिळाला तर ते जगायचं. उल्हासनगर जगलं ते दुसऱ्यांना परवाना मिळत नव्हता म्हणून. युद्धकाळातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९मध्ये गावाला नाव मिळालं, आणि पुढची अनेक दशकं सरकारनं परदेशी ग्राहकोपयोगी वस्तू जवळजवळ बंदच ठेवल्या. लिपस्टिक, पेन, इस्त्री, बिस्किटं, रेझर, काही येत नव्हतं. लोकांना हवं तर सगळंच होतं. मग जे बाहेरून येत नाही ते कॅम्पात बनू लागलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याणच्या पुढे प्रत्येक डब्यात चालायचा, आणि सांगणाऱ्याच्या पायात बऱ्याचदा तिथलीच चप्पल असायची. जपानी बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला डोंबिवलीपासून कर्जतपर्यंतच्या बायका यायच्या. त्यांतल्या कुणी गठ्ठ्यावर खरोखर जपानचा शिक्का शोधला असेल असं वाटत नाही.

लोक नकलेला हसले, पण ती नक्कल बनवायला अक्कल लागत होती. साचा स्वतः कोरायचा, प्लास्टिक भंगारातून मिळवायचं, छपाई अशी करायची की ग्राहकाची नजर एक क्षण अडखळावी. नक्कल करून दुसऱ्याचं नाव लावणं गैरच; त्याची वकिली मी करणार नाही. पण दाराला कुलूप घालणारं धोरण दिल्लीत ठरत होतं आणि बदनामी कॅम्पाच्या वाट्याला येत होती, हेही खरं. शिवाय हाँगकाँग, दुबई, लागोसपर्यंत पसरलेले नातेवाईक त्यांच्याकडे होते. परदेशी व्यापार काय असतो हे उल्हासनगरच्या एखाद्या दुकानदाराला आमच्या एम.कॉम. झालेल्या अकाउंटंटपेक्षा जास्त कळायचं.

असेच एक दादा त्या ऑफिसच्या व्हरांड्यात भेटायचे. कॅम्प तीनचे, सुताचा धंदा. मला 'साई' म्हणायचे, डबा उघडला की कोकीचा तुकडा काढून द्यायचे. ते कच्च्या मालासाठी येत नसत. त्यांचं काम आरईपी परवान्यांचं. ज्यानं निर्यात केली त्याला त्या बदल्यात काही माल आयात करायचा हक्क मिळायचा. तो परवाना विकता यायचा, त्यामुळे त्याला प्रीमियम होता आणि तो रोज वरखाली व्हायचा. मशीद बंदरच्या पेढ्यांवर आज कशाला किती चाललंय, हे दादांना सकाळी दहालाच ठाऊक असायचं. सरकारनं टंचाई छापली की कागदाचाही बाजार भरतो. १९७४मध्ये पॉण्डिचेरीच्या परवान्यांवरून संसद पेटली होती, एकवीस खासदारांच्या सह्यांचं शिफारसपत्र आणि त्यात खोट्या सह्या. दादा तो पेपर घडी करून ठेवत म्हणाले होते, सही खोटी निघाली त्याचं काय एवढं, परवाना तर खराच होता ना!

व्हरांड्यातला तो गोतावळा मला आठवतो. रांगेत उभा अंबरनाथचा गुजराती मालक, सेंच्युरी रेयॉनच्या पर्चेस खात्यातला शहाडचा जोशी-छाप गृहस्थ, तमिळ टायपिस्ट, बदलापूरहून ताज्या भाजीची पिशवी घेऊन आलेला शिपाई. कुणाचा अर्ज कुठल्या शंकेवर परत आला ते सगळ्यांना कळायचं आणि जो तो आपला अर्ज तिथल्या तिथे सुधारून घ्यायचा. धंद्यातले प्रतिस्पर्धी एकमेकांना पेन द्यायचे. परवाना राज्य गेलं याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. तो व्हरांडा गेला याचं वाटतं.

१९९१च्या जुलैत सगळं आठवड्याभरात उलटलं. एक आणि तीन तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं, चार तारखेला वाणिज्यमंत्री चिदंबरम यांनी नवं व्यापारधोरण सांगितलं. निर्यातदारांना मिळणारी रोख मदत बंद झाली आणि आरईपी परवान्यांच्या जागी एक्झिम स्क्रिप आली. आमच्या मालकांनी रेडिओ बंद केला आणि विचारलं, हे आपल्या चांगल्याचं की वाईटाचं? कुणीच उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी १९४७चा कायदाच गेला. १९९२च्या नव्या कायद्याच्या नावात 'नियंत्रण' नव्हतं, 'विकास आणि विनियमन' होतं. चीफ कंट्रोलर जाऊन डायरेक्टर जनरल आले. पाटी बदलली तरी टेबलं बरीच वर्षं तीच होती. परवाने कमी झाले आणि योजना वाढल्या. अ‍ॅडव्हान्स लायसन्स, डीईईसीचं पुस्तक, मग डीईपीबी, ईपीसीजी. आमची बॅग काही रिकामी झाली नाही.

उल्हासनगरला धक्का बसला तो दहा वर्षांनी. १ एप्रिल २००१ला आयातीवरच्या संख्यात्मक बंधनांतल्या उरलेल्या ७१५ वस्तू खुल्या झाल्या, आणि त्याच वर्षाअखेर चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. ज्याची नक्कल करून कॅम्प जगला तो परदेशी मालच नकलेहून स्वस्त मिळू लागला. काहींनी साचे विकले आणि चीनहून कंटेनर मागवायला लागले. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच. काहींनी जीन्स धरली. जीन्सनं गावाला पुन्हा पैसा दिला आणि वालधुनी नदीला निळा-काळा रंग. प्रदूषणाच्या खटल्यांनंतर २०१७-१८च्या सुमारास धुलाईच्या युनिटांना टाळी लागली. या वेळी कुलूप पर्यावरणवाल्यांनी घातलं. डीजीएफटीचा त्यात काही संबंध नव्हता.

मग आज त्या खात्याचं काय काम, असं तरुण पोरं विचारतात. माझं उत्तर असं, की पूर्वी सगळं बंद होतं आणि काय उघडायचं ते हे खातं सांगायचं. आता सगळं उघडं आहे, आणि काय बंद करायचं ते हेच खातं सांगतं, तेही रात्रीतून. मे २०२२मध्ये गव्हाची निर्यात अशीच एका अधिसूचनेनं थांबली. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची थांबली आणि पुढच्या मे महिन्यात निवडणुकीच्या धामधुमीत पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट २०२३मध्ये लॅपटॉपला परवाना लागेल असं जाहीर झालं आणि दोनच दिवसांत पुढे ढकललं. लाल पुस्तकानं निदान वर्षभर तरी शब्द पाळला असता. जून २०२३मध्ये वीस रुपयांखालचे सिगारेट लायटर आणायला बंदी आली, शिवकाशीच्या काड्यापेटीवाल्यांसाठी. त्याच्या एकशे एक वर्षं आधी काड्यापेटीसाठीच सरकारनं हात घातला तेव्हा अंबरनाथला विम्को आली होती. या वेळी आमच्या वाट्याला काही आलं नाही.

माझ्या जुन्या मालकांची नात आता कारखाना बघते. तिच्या फोनवर अधिसूचना जेवणाच्या वेळेला येतात. पोर्टल, ओटीपी, डिजिटल सही, सगळं तिला येतं. चर्चगेटला ती कधी गेलेली नाही. परवा तिचा फोन आला. एका मालावर बंधन आलं होतं आणि तिची ऑर्डर वाटेत होती.

"काका, आता काय? कन्सल्टंट उद्या बघतो म्हणाला."

"एल.सी. उघडलीय का? लेटर ऑफ क्रेडिट?"

"हो, मागच्या महिन्यात."

"अपरिवर्तनीय आहे? अधिसूचनेच्या आधीची तारीख आहे?"

"आहे."

"मग धोरणात सवलत आहे, आधीच्या एल.सी.ला. पण पंधरा दिवसांत डीजीएफटीकडे नोंदवावी लागते, तेवढं चुकवू नकोस. आणि बँकेकडून मूळ संदेशाची प्रत घेऊन ठेव. गव्हाच्या वेळी लोकांनी मागच्या तारखा घातलेल्या एल.सी. आणल्या, तेव्हा खात्यानं एकेक कागद प्रत्यक्ष तपासायला घेतला होता."

"प्रत्यक्ष म्हणजे ऑफिसात जाऊन?"

"बोलावलं तर जायचं. सकाळची बदलापूर लोकल धर, आणि बॅग मांडीवर ठेव."