मावशीच्या पायातल्या मुंग्या

गेल्या पावसाळ्यात मावशीला घेऊन दर आठवड्याला खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये जायचो. समोर हिरवागार डोंगर, आणि मावशीचं ठरलेलं गाऱ्हाणं, "अरे, पायाला मुंग्या आल्यात. चप्पल आहे का निघाली, तेच कळत नाही." औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. डॉक्टरांनी या मुंग्यांची कल्पना आधीच दिली होती. पण गाठ छातीत आणि मुंग्या पायात, हे काही मला पटेना. मग बसलो वाचत.

तर, आपल्या पेशींत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. हाडांसारखा पक्का नाही, गणपतीच्या मांडवासारखा. बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. एका पेशीच्या दोन होताना याच नळ्या गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात. पॅक्लिटॅक्सेल त्या सुटूच देत नाही. सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली हे दाखवलं. मांडव उतरेना की पेशीचं विभाजन अडकतं, आणि ती मरते. पायापर्यंत जाणाऱ्या मज्जापेशींचे धागे मीटरभर लांब! त्यांची सगळी मालवाहतूक याच नळ्यांवरून. तिथे घोळ झाला की मुंग्या.

गंमत म्हणजे आमच्या सोसायटीत कुणी लक्षही न देणारी जी सदाफुली आहे, तिच्यातलं व्हिंक्रिस्टीन बरोब्बर उलटं करतं. नळ्या जुळूच देत नाही. पेशी त्यानेही मरते.

वाचता वाचता कृत्रिम पेशींपर्यंत पोचलो. २०२४ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या रोनित फ्रीमन यांच्या गटाने पेप्टाइड आणि डीएनए जोडून असा सांगाडा बनवला आणि पेशीएवढ्या थेंबांत बसवला. ५० अंश सेल्सियसलाही तो टिकतो. कौतुक त्याचंच जास्त होणार, साहजिक आहे. मी मात्र मावशीमुळे दुसरंच शोधत होतो, तो बदलता येतो का? येतो! डीएनएचा क्रम किंवा तापमान बदललं की रचना बदलते. स्वतःहून एकाचे दोन होणं अजून त्या थेंबांना जमत नाही, पण ते असो.

घरी येऊन मावशीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे त्यांचा सुटतो आणि माझा अडकलाय?"

"साधारण तसंच."

"बरं. मग उद्या येताना मागे पट्टा असलेली चप्पल आण. सहा नंबर."