बीजगणिताचा पहिला पाठ

बीजगणिताच्या अध्यापनात उमेदीची वर्षे वेचल्यावर माझे एक मत कायम झाले आहे, आणि ते असे की, 'क्ष ही संख्या माना' हे वाक्य फळ्यावर उमटताच कित्येक मुलांच्या मनात या विषयाविषयी जो परकेपणा उत्पन्न होतो, त्याचे कारण विषयाच्या काठिण्यात नसून त्या फर्मानातच असते. कारण गरजेवाचून आलेले अक्षर आपण का मानावे, याचा खुलासा त्यांना कोणीच केलेला नसतो.

म्हणून माझ्या वर्गात अक्षर उशिरा येते. आधी येतात आगकाड्या. चार काड्यांचा एक चौकोन मांडावा, त्याला लागून, मधली काडी सामाईक ठेवून, दुसरा, मग तिसरा. काड्या होतात 4, 7, 10. दहा चौकोनांपर्यंत मुले मांडून मोजतात, पण शंभर चौकोनांना किती काड्या, असे विचारले की हात थांबतात आणि विचार सुरू होतो. एखादी मुलगी पहिल्या चौकोनाला चार आणि पुढच्या प्रत्येकाला तीन काड्या धरते. दुसरी पहिली उभी काडी वेगळी ठेवून सर्वांना तीन-तीन देते. कोणी वरची, खालची आणि उभी अशा रांगा स्वतंत्र मोजतो. कोणी प्रत्येकाला चार देऊन सामाईक काड्या वजा करतो. उत्तर सर्वांचे 301. या साऱ्या कैफियती फळ्यावर घेऊन चौकोनांच्या संख्येच्या जागी 'न' लिहिला, की 4 + 3(न − 1), 3न + 1, न + न + (न + 1) आणि 4न − (न − 1) अशी चार रूपे समोर उभी राहतात. ती मुळात एकच कशी, हा वाद मुले स्वतःच उपस्थित करतात आणि त्याच्या निवाड्यासाठी कंस सोडविण्याची विद्या आपखुशीने शिकतात. माझ्या मते या एका तासात बीजगणिताचे अर्धे मर्म आले.

समीकरणासाठी तराजू हवा. एका पारड्यात तीन काडेपेट्या, प्रत्येकीत सारखेच छर्रे, आणि दोन सुटे छर्रे. दुसऱ्यात चौदा छर्रे आणि तीन रिकाम्या पेट्या, एरवी पेट्यांचेच वजन हिशेबात घोटाळा करील. चिंचोके घेऊ नयेत, त्यांची वजने सारखी नसतात. सायकलच्या दुकानातील पोलादी छर्रे उत्तम. दोन्ही पारड्यांतून दोन-दोन छर्रे काढले तरी दांडी ढळत नाही, हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला पक्षांतराचा नियम पाठ करावा लागत नाही. प्रत्येक पेटीत चार, असे ठरल्यावर पेटी उघडून रुजुवात करावी.

ऋणसंख्या मात्र पारड्यात बसत नाहीत, तेथे जमाखर्चाची वही काढावी; ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तात या संख्यांचे नियम धन आणि ऋण याच भाषेत सांगितले आहेत. पुढे दोन अज्ञाते एकदम आली की मी रंगीत चिठ्ठ्या वापरतो. भास्कराचार्यांनीही आपल्या 'बीजगणित' ग्रंथात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणून पुढील अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावे दिली आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की, समीकरणांचा धडा उघडण्यापूर्वी एक आठवडा काड्यांना आणि तराजूला द्यावा आणि अभ्यासक्रम मागे पडेल ही धास्ती बाळगू नये. तो आठवडा नववीच्या वर्गात व्याजासह वसूल होतो.