मद्रासचं बंदर, दुसऱ्यांदा

मागच्या लेखात आपण पुदुच्चेरीपर्यंत पोचलो होतो. आता शेवटचा टप्पा. ईस्ट कोस्ट रोडनं उत्तरेला निघालं की समुद्र सतत उजव्या हाताला राहतो, कधी दिसतो, कधी सुरूच्या झाडांमागे दडतो. वाटेत महाबलीपुरमला दोन तास थांबलो, किनाऱ्यावरचं देऊळ पाहिलं, शहाळी प्यालो आणि संध्याकाळच्या गर्दीत चेन्नईत शिरलो. पुण्यापासून गाडीचा काटा साडेतेराशे किलोमीटर पुढे गेला होता. सौ. म्हणाली, "अहो, आता दोन दिवस तरी ते स्टिअरिंग सोडा."

सोडलं. पण एक गोष्ट तिला तोपर्यंत सांगितली नव्हती. पुण्यात नकाशावर रेघ मारताना प्रवासाचा शेवट चेन्नईत करायचा हे मी आधीच ठरवलं होतं, आणि ते मरीना बीचसाठी नव्हतं.

हे शहर मी एकदा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, तर फेब्रुवारी १९९० मध्ये त्रिंकोमालीहून नौदलाच्या जहाजानं आम्हाला मद्रास बंदरात उतरवलं. मी वीस वर्षांचा सिग्नल्समधला शिपाई. पाठीवर सामान, खांद्यावर रायफल. धक्क्यावर उतरलो, गिनती झाली, पुरी-भाजी मिळाली, चहा मिळाला आणि बंदरातल्याच रुळांवर उभ्या असलेल्या मिलिटरी स्पेशलमध्ये बसलो. खिडकीतून गोदामांच्या भिंती दिसल्या. तेवढंच माझं मद्रास.

भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली ती १९८७ मध्ये आणि तिची शेवटची तुकडी परतली मार्च १९९० मध्ये. अकराशेहून अधिक जवान परत आलेच नाहीत. जे आले, त्यांच्या स्वागताला जायचं नाही, असं तेव्हा इथल्या राजकारणानं ठरवलं होतं. आम्हा पोरांना त्यातलं काही कळत नव्हतं. ६५ आणि ७१ च्या गोष्टी ऐकून आम्ही भरती झालो होतो. लढाईवरून परतणाऱ्या फौजेच्या गळ्यात हार पडतात, स्टेशनावर आयाबाया ओवाळतात, एवढं माहीत होतं. धक्क्यावर तसं कुणी नव्हतं. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा साताऱ्याकडचा दोस्त तर जहाजावरही नव्हता. त्याची पेटी माझ्या ताब्यात होती. ती पुढे त्याच्या घरी पोचवली, पण तो वेगळा विषय.

पहिल्या दिवशी सकाळी मरीना. फोर्ट सेंट जॉर्जपासून दक्षिणेकडे मैलोन्मैल पसरलेली वाळू, इतकी रुंद की रस्त्यावरून पाण्यापर्यंत चालताना दम लागतो. दक्षिण टोकाला दीपगृह आहे आणि त्याला चक्क लिफ्ट आहे. गुडघ्यांनी आभार मानले. वरून एका बाजूला मैलापूरची गर्दी, सान्थोम चर्चचा पांढरा मनोरा, समोर नुसता निळा समुद्र. उत्तरेकडे दूरवर बंदराच्या क्रेन दिसत होत्या. मी बराच वेळ तिकडेच बघत राहिलो. सौ.नं विचारलं, "तिकडे काय आहे?" तेव्हा सांगितलं. ती काही बोलली नाही. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाली, "मग आधी तिकडे जाऊ या."

बंदरात आता कुणालाही असं आत जाता येत नाही, आणि मलाही जायचं नव्हतं. बाहेरच्या रस्त्यावरून फिरलो. कंटेनरच्या ट्रकांची रांग आणि डिझेलचा वास. गोदामांच्या भिंती तशाच, की मलाच तशा वाटल्या, कोण जाणे.

तिथून जवळच हायकोर्ट. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मनांच्या 'एम्डन' या युद्धनौकेनं मद्रासवर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि ती निसटली. त्याची आठवण सांगणारी पाटी हायकोर्टाच्या आवाराच्या भिंतीवर आहे. तमिळमध्ये बिलंदर माणसाला अजून 'एम्डन' म्हणतात. हल्ला करून जाणाऱ्याची आठवण शहरानं शब्दात जपली, याची मला गंमत वाटली.

मग फोर्ट सेंट जॉर्ज. १६३९ मध्ये इंग्रजांना इथे जागा मिळाली आणि त्यातून हा किल्ला आणि हे शहर उभं राहिलं. आज आत विधानसभा आणि सचिवालय आहे, म्हणून तपासणी कडक. आतलं सेंट मेरी चर्च १६८० चं. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न इथेच लागलं, १७५३ मध्ये. पण आपल्याला महत्त्वाचं ते त्याआधीचं. १६७७ मध्ये महाराज दक्षिण दिग्विजयावर आले, तेव्हा त्यांनी इथल्या इंग्रजांना पत्र पाठवून काही औषधं आणि विषावरचे उतारे मागवले होते. इंग्रजांनी ते मुकाट्यानं भेट म्हणून पाठवले. जिंजी हातात आलेल्या राजाकडे बिल पाठवायची हिंमत कोण करणार!

किल्ल्यापासून जवळच, जॉर्जटाउनच्या तंबू चेट्टी गल्लीत कालिकांबाळचं देऊळ आहे. महाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी इथे दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, हातगाड्या, मोगऱ्याच्या गजऱ्यांचे ढीग. सौ.नं गजरा घेतला. फुलवाल्या बाईला थोडं सरकायला सांगावं म्हणून मी तमिळ शब्द आठवू लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की मला जे तमिळ येतं ते असं: निल्लू, म्हणजे थांब. पो, म्हणजे जा. कै तूक्कु, म्हणजे हात वर कर. एका वर्षात मी एवढंच शिकलो होतो. नाक्यावर उभं राहून, रायफल पुढे धरून, म्हाताऱ्या माणसांना आणि सायकलवरच्या पोरांना हेच म्हणत होतो. मी तोंड मिटलं आणि हातानंच खूण केली.

संध्याकाळी एग्मोरच्या लॉजवर परतलो. फाटकावरचा वॉचमन साठीचा. त्यानं गाडीच्या काचेवरचं माजी सैनिकाचं स्टिकर पाहिलं आणि टाचा जुळवल्या. "साब, कौनसा यूनिट?" आपल्या लोकांची ओळख अशीच होते. तो इंजिनिअर्समधून नायक म्हणून निवृत्त झालेला, गाव मदुराईकडचं. बोलता बोलता निघालं, तोही तिथे होता, ८८-८९ मध्ये. तमिळ येत असल्यामुळे प्रत्येक झडतीत दुभाषी म्हणून त्यालाच पुढे करत.

मी बंदराची गोष्ट सांगितली. स्वागत नाही, हार नाही, वगैरे. तीस-पस्तीस वर्षं ती मी अशीच सांगत आलोय, थोडा राग धरून. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "साब, आप ट्रेन में बैठ के चले गये. मेरा तो घर ही इधर था."

सुट्टीवर गावी गेला, तेव्हा सख्खी आत्या दोन वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती. तिकडच्या घरांत तो शिरायचा, तेव्हा तिथल्या बाया त्याच्याच आईच्या भाषेत रडायच्या, आणि ते रडणं हिंदीत करून साहेबाला सांगायचं काम त्याचं. "वर्दी उतारी नहीं साब, पूरी नौकरी किया," तो म्हणाला. बस, एवढंच.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माझ्या रागाकडे इतकी वर्षं एकाच बाजूनं बघत होतो. त्या धक्क्यावर आमच्यासोबत उतरलेल्या तमिळ जवानांचं काय झालं असेल, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सेंट थॉमस माउंटकडे गेलो. त्या भागातच ओटीए आहे. तिथल्या कवायतीच्या मैदानाला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव दिलंय. तमिळ घरातले, जन्म मुंबईचा, रेजिमेंट महार. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असतानाही समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला पाडलं आणि मरेपर्यंत हुकूम देत राहिले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र. टेकडीवरच्या चर्चच्या अंगणातून मी मनातल्या मनात एक सॅल्यूट केला. एक त्यांना, एक साताऱ्याच्या दोस्ताला.

निघायच्या आदल्या रात्री वॉचमनला मी विचारलं, मला चार चांगले शब्द शिकव. तो हसला. वांगा, म्हणजे या. उक्कारुंगा, म्हणजे बसा. साप्टींगळा, म्हणजे जेवलात का. वहीत लिहून घेतले, जसे कधीकाळी सिग्नलचे कोड लिहायचो.

मग परत मरीनावर गेलो. वाळूत वाटाणा, कैरी, खोबरं घातलेलं सुंडल विकणारी एक म्हातारी बसली होती. दोन पुड्या घेतल्या. पैसे देताना धीर करून म्हणालो, "साप्टींगळा, अम्मा?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग भराभर काहीतरी लांबलचक बोलली, ज्यातलं मला अक्षरही कळलं नाही, आणि माझ्या पुडीत आणखी एक मूठ सुंडल टाकलं.

जय हिंद.