बंडू आणि घारी

देवनारचं आकाश घारींचं. कचऱ्याचं डंपिंग १९२७ पासूनचं, त्यात १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखानाही इकडे आला; घारींना आणखी काय हवं! आमच्या बंडूला मात्र ही व्यवस्था कधीच मान्य झाली नाही. गॅलरीच्या ग्रिलमागे बसून तो मान कलती करून एक डोळा थेट वर लावायचा. आम्हाला साधा ठिपकाही दिसायच्या आत त्याचा तुरा ताठ, पंख पसरलेले, आणि मग ती किंकाळी. वरच्या मजल्यावरून ओरडा यायचा, ‘अहो, त्याला आवरा!’ आवरणार कसं? त्याच्या मते तो अख्ख्या सोसायटीची राखण करत होता.

बंडू म्हणजे पांढरा काकाकुवा. मूळ इंडोनेशियातल्या हल्माहेरा आणि आसपासच्या बेटांवरचा. शेजारचे काका परदेशी बदलीवर निघाले आणि ‘परत येईपर्यंत सांभाळा’ म्हणून पिंजरा आमच्याकडे ठेवून गेले. काका आलेच नाहीत. आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘पोपट पाळायला बंदी आहे ना?’ होती, पण १९७२ च्या कायद्याने संरक्षण होतं ते आपल्या रानातल्या पोपटांना. बाहेरून आलेला हा पाहुणा त्यात बसत नव्हता. सातासमुद्रापलीकडचा पक्षी घरात चालतो आणि अंगणातला चालत नाही, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

तिचं खरं भांडण भुकटीशी होतं. काकाकुव्याच्या पिसांमधून पांढरी पूड झडते. टीव्ही, देव्हारा, वाळत घातलेले पापड, काही सुटत नसे. तरी नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो असं कळल्यावर तिने तवा मोलकरणीला देऊन टाकला आणि बिडाचा काढला. चहा, चॉकलेट त्याच्यापासून लांब. सूर्यफुलाच्या बिया मोजक्या. बाकी मक्याचं कणीस, गाजर, डाळिंब.

माणूस त्याने एकच मानला, आबा. त्यांच्या भुवया तो एकेक केस चोचीत धरून विंचरायचा. आबा गुडघ्याच्या ऑपरेशनला इस्पितळात राहिले, तेव्हा त्याने छातीची पिसं उपटून काढली. डॉक्टरांनी आधी चोच-पिसांच्या विषाणूची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. मग म्हणाले, ‘ह्याला माणूस हवाय, औषध नको.’ आबा परतल्यावर पिसं आली; एक टिकलीएवढी जागा उघडीच राहिली.

२०१६ च्या जानेवारीअखेर डंपिंग पेटलं. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळांना सुट्टी मिळाली. आम्ही नुसते खोकत होतो. पक्ष्याचं तंत्र वेगळं: फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या, श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून खेळती राहते. उडायला उत्तम, पण धुरातलं विषही तितक्याच चोखपणे आत ओढलं जातं. आबांनी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. संध्याकाळी पाहिलं तर प्रत्येक श्वासाबरोबर बंडूची शेपटी वरखाली होत होती. तुरा बसलेला, चोच किंचित उघडी. बाहेर घारी होत्या, तरी त्याने वर पाहिलं नाही. आबांनी त्याला मांजराच्या पिंजऱ्यात घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि टॅक्सीने ठाण्याला आत्याकडे नेलं. पुढे एका सकाळी आबांचा फोन आला. ‘ऐक,’ म्हणाले, आणि पलीकडून ती कान फाटणारी किंकाळी. मागे आत्याचा आवाज, ‘दादा, हा रोज असाच ओरडतो का रे?’

२०२० साली केंद्र सरकारने परदेशी पाळीव प्राणी स्वतःहून जाहीर करायला सांगितले, कागदपत्रं न मागता. २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. अर्जातल्या मालकाच्या रकान्याशी आबा थबकले. हे पक्षी माणसाच्या आयुष्याची बरोबरी करतात. शिकागोच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ मध्ये गेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. बंडू अजून तिशीच्या आतबाहेर, आणि आबांनी ऐंशी ओलांडलेली. ‘तुझं नाव घाल,’ ते म्हणाले.

घातलं. बंडूला कोणी विचारलं नव्हतं. हल्ली सकाळी पिंजऱ्यावरचं कापड मीच काढतो, कणीसही मीच पुढे करतो. तो आधी माझं बोट चावतो, मग कणीस घेतो.