दाढीवाला बाप

ॲक्वेरियमच्या दुकानात जाऊन ‘सकर द्या’ म्हटलं, की दुकानदार बोटाएवढा काळपट मासा पिशवीत घालून देतो. “काच साफ करतो,” एवढीच त्याची ओळख. तो पुढे फूटभराहून मोठा होतो, हे सहसा कुणी सांगत नाही. ब्रिसलनोज त्याचाच लहान चणीचा भाऊबंद. मूळ गाव तेच, दक्षिण अमेरिकेतल्या नद्या. पण हा वाढून वाढून पाचेक इंच. शास्त्रीय नाव ॲन्सिस्ट्रस. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर मांसल, फाटे फुटलेल्या मिशांचं जंगल असतं. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, “याला काही रोग झालाय का?”

माझ्याकडे एक नर आणि एक मादी. या माशाला अंड्यांसाठी गुहा लागते. कुणी मातीचं भांडं ठेवतं, कुणी करवंटी. मी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणला, एक तोंड बंद केलं आणि कोपऱ्यात आडवा ठेवला. नराने दोन दिवसांत ताबा घेतला. मग हौशी लोक करतात ती युक्ती केली. टाकीतलं थोडं पाणी काढून त्याजागी जरा गार पाणी घातलं. माशाला वाटावं, पाऊस आला.

काही दिवसांनी टॉर्च मारला, तर पाइपच्या आत केशरी अंड्यांचा घोस आणि त्यावर पंख पसरून बसलेला नर. मादी लांब काचेला चिकटून दुधीचा तुकडा खरवडत होती. अंडी घातली की तिचं काम संपतं. जवळ आली तर नरच तिला हुसकावतो. तो मात्र दिवसरात्र पंखांनी अंड्यांना वारा घालतो, म्हणजे ताजं पाणी खेळतं आणि बुरशी धरत नाही. जेवायलाही क्वचितच बाहेर येतो. आजी खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. बराच वेळ बघून म्हणाली, “अरे, हा तर बाळंतिणीसारखा बसलाय. आमच्या वेळी असला एक तरी बाप दाखव.”

पाचव्या दिवशी पिल्लं फुटली. पिल्लं कसली, शेपूट फुटलेले केशरी थेंबच. पोटाला बलकाची पिशवी, हीच शिदोरी. ती संपेपर्यंत आणखी काही दिवस ती तोंडाने पाइपला चिकटून राहतात आणि बाप दारात.

त्या दाढीबद्दल एक सुंदर तर्क आहे. साबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या मत्स्य-अभ्यासकांनी तो १९९९ साली मांडला. अंडी राखणाऱ्या काही माशांमध्ये माद्या आधीच पिल्लं सांभाळत असलेल्या नराला पसंती देतात. हा बाप विश्वासू आहे, याचा तो पुरावाच. मग ज्याच्याकडे अजून पिल्लं नाहीत त्याने काय करावं? या तिघांचं म्हणणं, ॲन्सिस्ट्रसच्या नाकावरचे ते मांसल फाटे म्हणजे पिल्लांची नक्कल असावी. आपल्याला दाढी दिसते; मादीला कदाचित तोंडावर पोरं खेळवणारा बाप दिसत असेल.

पिल्लं पाइपबाहेर पडली, की बापाची ड्यूटी संपते आणि आपली सुरू होते. जोरकस फिल्टर त्यांना ओढून घेईल, म्हणून स्पंज फिल्टर. कुरतडायला ड्रिफ्टवुड. रोज उकडलेली दुधी, काकडी, पालक. उरलेलं सकाळी काढायचं, नाहीतर ते कुजून पाणी नासतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून थोडं थोडं पाणी बदलायचं. मी मोजली तेव्हा चौसष्ट होती. काही आठवड्यांत नर पुन्हा पाइपमध्ये बसला.

पहिली खेप मित्रांत आणि दोन दुकानांत गेली. दुसऱ्या खेपेला मित्रांचे फोन लागेनात. “एवढं काय? तळ्यात सोडून दे, पुण्य लागेल,” असं तिघांनी तरी सुचवलं. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत त्या थोरल्या भाऊबंदाचं काय झालं, ते माहीत असलेला माणूस हे म्हणणार नाही. टाकीत मावेनासे झालेले सकर असेच देशातल्या तळ्यांत, नद्यांत पोचले. आज तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात रोहू-कटलाऐवजी ते येतात. अंगावर चिलखत, पंखांना काटे. जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. एकाच्या घरातली अडचण दुसऱ्याच्या ताटात अशी जाऊन पडते.

आता पिल्लू मागणाऱ्याला मी आधी टाकीचा आकार विचारतो. नको झालं तर परत आण, पण पाण्यात सोडू नकोस, हेही सांगतो. आणि दुसरी खेप बाहेर पडल्यावर मी टाकीतून पाइप काढून घेतला. गुहा नाही, तर अंडी नाहीत. नर दोन दिवस त्या रिकाम्या कोपऱ्यात काचेकडे तोंड करून बसला होता. आजी म्हणाली, “त्याचं घर दे रे त्याला.” मी दिलं नाही. उरलेली एकोणीस पिल्लं अजून माझ्याकडेच आहेत. त्यांतल्या काहींच्या नाकावर आता बारीक खुंट दिसू लागलेत.