मूळ वही आणि नक्कल

दिवाळीच्या वर्गणीची पत्रं निघाली की आम्हां दोघांना अजून १९९९ साल आठवतं. त्या वर्षी मंडळाची पत्रं हाताने न लिहिता संगणकावर काढायचं काम आम्ही मोठ्या हौसेने अंगावर घेतलं. दोघंही प्रोग्रॅमिंगच्या नोकरीतले. व्हिज्युअल बेसिकमध्ये दोन रात्रींत काम फत्ते!

कुटुंबाला ४० डॉलर, विद्यार्थ्याला निम्मे. निम्मे करायचं काम एका वेगळ्या फंक्शनकडे दिलं होतं. पत्रं गेली, चेक आले, पण जमा फारच कमी. सभेत लोक म्हणाले, "आम्ही तर मागितली तेवढी भरली." खजिनदारकाकांच्या वहीत मात्र कुणापुढे २०, कुणापुढे १०. काका सत्तरीचे. "वयाप्रमाणे होतं असं," कुणीतरी म्हणालं आणि आम्हीही मान डोलावली. काकांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि चहा न घेताच गेले.

त्या रात्री आम्ही पत्रांच्या प्रती काढून पाहिल्या. यादीतल्या पहिल्या घरांना ४०. पहिला विद्यार्थी आला आणि तिथून पुढे सगळ्यांना २०. दुसरा आला आणि तिथून १०!

शेजारणीने लोणच्याची कृती मागितली तर आपण ती उतरवून देतो. मूळ वहीच दिली आणि तिने त्यात मीठ निम्मं केलं, तर पुढच्या वर्षी आपलंच लोणचं नासायचं. वेगळं काही सांगितलं नाही तर व्हिज्युअल बेसिक फंक्शनच्या हाती मूळ वहीच देत असे. नक्कल द्यायची तर 'बायव्हॅल' हा शब्द लिहावा लागे. तो आम्ही लिहिला नव्हता. २००२ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये हा नियम उलटा झाला. एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोंत मात्र तो आजही जुनाच आहे. मंडळाचे हिशेब त्यात ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

तो शब्द घालायला अर्धं मिनिट लागलं. काकांच्या घरची पायरी चढायला दोन दिवस. त्यांनी चष्मा लावून एकेक पत्र पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे माझी बेरीज बरोबर होती तर." काकूंनी चहा ठेवला.

पुढच्या सभेत चूक कुणाची होती ते आम्ही उभं राहून सांगितलं. काकांनी वही पुन्हा हाती घेतली. त्यानंतर त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून आमचं एकही पत्र पोस्टात पडलं नाही.