परसातील बिऱ्हाड

मराठी घरातील मूल पहिली गोष्ट ऐकते ती बहुधा चिऊकाऊची. त्या गोष्टीत चिऊचे घर मेणाचे असते आणि भर पावसातही ती त्यात सुखरूप राहते. प्रत्यक्षातील चिमणीने मात्र आपले बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरातच थाटले. कौलांखालची वळचण, मातीच्या भिंतीतील एखादे भोक किंवा भिंतीवरील तसबिरीमागची फट, एवढी जागा तिला पुरत असे. अंगणात सुपाने धान्य पाखडले जाई, तेव्हा चार दाणे तिच्याही वाट्याला येत.

पुढे घरे बदलली. कौलांच्या जागी गच्ची आली, भिंती गुळगुळीत झाल्या आणि धान्य निवडलेले, पिशवीत बांधलेले घरी येऊ लागले. अनेक शहरांत चिमण्या विरळ झाल्या. त्यांची आठवण राहावी म्हणून 2010 पासून 20 मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. 2012 साली दिल्लीने तर चिमणीला आपल्या राज्यपक्ष्याचा मान दिला.

एका गावातील जुने कौलारू घर असेच पाडले गेले व त्या जागी सिमेंटचे पक्के घर उभे राहिले. घर सुरेख झाले, पण सकाळची चिवचिव थांबली. ती उणीव सर्वांत आधी आजोबांना जाणवली. त्यांनी देवदाराच्या जुन्या फळ्या जोडून एक पेटी तयार केली. दर्शनी बाजूस सव्वा इंच व्यासाचे वाटोळे भोक ठेवले. चिमणी त्यातून सहज आत जाईल, पण साळुंकीला शिरता येणार नाही, एवढेच ते होते. परसातील भिंतीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा उंच जागी त्यांनी ती टांगली आणि खाली मातीच्या परळात पाणी ठेवले.

पहिले वर्ष तसेच गेले. पेटीकडे कोणी फिरकले नाही. दुसऱ्या वर्षी फाल्गुनात एके सकाळी गळ्याखाली काळा पट्टा असलेला एक चिमणा पेटीवर येऊन बसला. त्याने भोकातून आत डोकावून पाहिले आणि मग तेथेच बसून तो सारखा चिवचिवू लागला. चिमण्यांमध्ये जागा आधी नर हेरतो आणि मग मादीला साद घालतो. चार दिवसांनी चिमणी आली. तीही आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. घर पसंत पडले असावे, कारण दुसऱ्याच दिवसापासून दोघांच्या चोचीतून गवताच्या काड्या, सुतळीचे धागे आणि कोंबडीची पिसे आत जाऊ लागली.

काही दिवसांनी ही ये-जा थांबली व चिमणी बराच वेळ आतच राहू लागली. चिमणा मधूनमधून तिची जागा घेई. घरातील धाकट्या नातीला आता राहवेना. पेटीचे झाकण उचलून अंडी पाहावीत, असे तिला फार वाटे. आजोबा म्हणाले, "बाळ, पेटी आपण दिली खरी, पण आता ते तिचे घर आहे. दुसऱ्याच्या घराचे झाकण कोणी उघडते का?" चिमणी एका खेपेस बहुधा 3 ते 5 अंडी घालते, हे त्यांनी तिला सांगितले, पेटीतील अंडी मात्र कोणीच मोजली नाहीत. आजोबांनी नातीला एक वही दिली. पायरीवर बसून दिसेल ते त्यात लिहावयाचे, हा तिचा नेम झाला.

सुमारे बारा दिवसांनी पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली. मग चिमणा-चिमणीला क्षणाचीही उसंत राहिली नाही. मोठ्या चिमण्या दाणे टिपतात, परंतु कोवळ्या पिलांना वाढीसाठी मुख्यतः किडे आणि अळ्या लागतात. भाजीच्या वाफ्यातील अळ्या एकामागून एक पेटीत जाऊ लागल्या. परत येताना पिलांची विष्ठा चोचीत धरून ती दोघे दूर टाकून येत. घर स्वच्छ ठेवण्याची त्यांची ही दक्षता पाहून आजीलाही कौतुक वाटले. पुढे भोकाशी पिवळ्या कडांच्या चोची दिसू लागल्या. मुलीने त्या मोजल्या. त्या तीन होत्या.

पंधराव्या दिवशी दोन पिले भुर्रकन उडून जास्वंदीवर जाऊन बसली. तिसरे मात्र धडपडत खाली कर्दळीत पडले. त्याच वेळी कुंपणावर शेजारचे मांजर दबा धरून बसले होते. मुलगी पिलू उचलावयास धावली. "पिलाला हात लावू नकोस, मांजराला हाकल!" आजोबांनी सांगितले. तिने मांजर पिटाळले आणि काठी घेऊन ती दूर पायरीवर पहारा करीत बसली. बराच वेळ पिलू हलेना. तिचे डोळे भरून आले. इतक्यात चिमणी चोचीत अळी घेऊन आली, पिलाजवळ उतरली आणि तिने त्याला भरवले. घरट्याबाहेर पडलेल्या पिलांनाही आईबाप काही दिवस असेच भरवीत असतात. घास मिळताच पिलाला धीर आला. उड्या मारीत ते कर्दळीच्या पानावर चढले, तेथून कुंपणावर गेले आणि सूर्यास्तापूर्वी जास्वंदीत आपल्या भावंडांना जाऊन मिळाले.

प्रेम करणे म्हणजे प्रत्येक वेळी हात पुढे करणे नव्हे. कधीकधी हात आवरून जागे राहणे, हेही प्रेमच असते. त्या संध्याकाळी मुलीने वहीत एवढेच लिहिले, "तिन्ही पिले गेली. मी एकालाही हात लावला नाही."

आठवडा लोटला नाही तोच काळ्या गळ्याचा चिमणा पुन्हा पेटीच्या तोंडाशी येऊन बसला. मुलीने वहीचे नवे पान उघडले.